डब्ब्यात दम नाई रायला: एका गावातल्या स्टुडिओचं प्रकरण

दिवाळीनंतरच्या आठवड्यात भाऊचा फोन आला. भाऊ म्हणजे माझा मोठा मावसभाऊ. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात बसस्टँडसमोर त्याचा फोटो स्टुडिओ आहे. पुढे झेरॉक्स मशीन, मागे पासपोर्ट फोटोचा पांढरा पडदा, आणि पडद्यामागच्या दारातून सरळ घरच. तुळशीचं लग्न लागलं की त्याचा सीझन सुरू होतो तो मे महिना संपेपर्यंत. फोनवर तो एवढंच म्हणाला, "ह्या डब्ब्यात आता दम नाई रायला गा. नवा घेऊन टाकतो. कोणता घेऊ तेवढं सांग."

मी यवतमाळला फिजिक्स शिकवतो आणि कॅमेऱ्याची हौस आहे, त्यामुळे नात्यात कॅमेऱ्याचं काही निघालं की ते माझ्याकडे येतं. एरवी मी फोनवरच दोन नावं सांगून मोकळा झालो असतो. पण मागून वहिनीचा आवाज आला, "भाऊजी, आधी इकडं या, मंग सांगा." वहिनी स्टुडिओचा हिशोब ठेवते. रविवारी एसटीने गेलो.

आता मुद्देमाल. कॅमेरा निकॉन डी९०, २०१० साली नागपूरहून बर्डीवरून घेतलेला, सोबत १८-१०५ एमएमची झूम लेन्स. कंपनीने हे मॉडेल ऑगस्ट २००८ मध्ये जाहीर केलं होतं आणि व्हिडिओ काढणारा तो जगातला पहिला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा) होता, हे भाऊ अजून गिऱ्हाइकाला सांगतो. १२.३ मेगापिक्सेल, कार्डाला एकच खाच. इतके उन्हाळे, वऱ्हाडातला धुरळा आणि मांडवातला गुलाल अंगावर घेतल्यावर मुठीचं रबर एका कोपऱ्यातून सुटून जिभेसारखं बाहेर आलं होतं. भाऊ बोलता बोलता ते अंगठ्याने दाबायचा, सोडलं की ते परत वर यायचं.

त्याच्यासमोर दोन रस्ते होते. एक, नवा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा लेन्ससकट, हप्त्यावर, लाखाच्या घरात. दुसरा, बर्डीवरच्या एका दुकानात जुना निकॉन डी७२००, लेन्सशिवाय नुसती बॉडी, ३२,००० रुपयांना. वहिनीच्या बचत गटातून ३०,००० उचलता येत होते, महिना दोन टक्क्यांनी. म्हणजे फक्त व्याजाचेच महिन्याला ६०० रुपये. कापूस विकला जाईस्तोवर लग्नाचे अर्धे पैसे लोकांकडेच अडकलेले असतात, त्यामुळे हप्त्याची तारीख हा भाऊच्या धंद्यातला सगळ्यात वाईट दिवस.

"नव्याने काय होईन?" मी विचारलं.

"फोटो चांगले येतीन."

"आत्ताचे काय वाईट येऊन रायले?"

यावर तो गप्प बसला. मग म्हणाला, "रातचे. रातचे फोटो मरतात."

मला हवं होतं ते एवढंच.

बाद फोटोंची रात्र

चांगले फोटो बघून कॅमेऱ्याबद्दल काही कळत नाही, ते तर आलेच आहेत. भाऊची एक सवय आम्हाला कामी आली: तो काहीच डिलीट करत नाही. हार्डडिस्कवर प्रत्येक लग्नाचं 'सगळे' आणि 'दिलेले' अशी दोन फोल्डरं. त्यातलं वैशाखातलं एक संध्याकाळचं लग्न आम्ही काढलं. एकूण फोटो १,१२६. पार्टीला दिलेले ४८०. उरलेले साडेसहाशे आम्ही तिघं जेवणानंतर एकेक करून बघायला बसलो, आणि प्रत्येक फोटो का बाद झाला ते वहिनी वहीत रेघा मारून लिहीत गेली.

निम्म्याहून जास्त फोटोंत काहीच बिघाड नव्हता. कोणाचे डोळे मिटलेले, कोणी मधून गेलं, एकाच पोझचे पाच. नव्या कॅमेऱ्यानेही ते बादच झाले असते. राहिलेले तीनशेच्या आसपास. त्यात सगळ्यात मोठा ढीग हललेल्यांचा होता, एकशे नव्वद. वरातीत नाचणारे, अक्षता टाकणारे हात, हळदीत मान फिरवणारी नवरी. त्याखालोखाल फ्लॅशने मारलेले: कपाळावर तेल सांडल्यासारखी चमक, चेहरा चपटा, आणि मागचा मांडव काळाकुट्ट, जणू लग्न विहिरीत लागलं. मग थोडे रंग बिघडलेले, थोडे फोकस मागच्या माणसावर गेलेले.

फोटोच्या पोटात कॅमेरा बरीच माहिती लिहून ठेवतो: शटर किती (किती वेळ उघडं राहिलं), अ‍ॅपर्चर किती (लेन्सचं भोक किती मोठं), आयएसओ किती (कमी उजेड किती ताणून घेतला). हललेल्या फोटोंवर एकेक क्लिक करून मी ती बघत गेलो. शटर एक पंधरांश, एक विसांश, एक तीसांश. नाचणारा माणूस एक विसांश सेकंदात चांगला चार बोटं सरकतो. आणि आयएसओ? सगळीकडे ८००. एकही फोटो त्याच्या वर नाही. डी९० हा सरळ ३२०० पर्यंत जातो.

"वर काऊन नाई नेला?"

"दाने येतात ना बाप्पा. लॅबवाल्यानं सांगतलं होतं, आठशेच्या वर जाऊ नको."

तो सल्ला त्या लॅबवाल्याने बहुधा आधीच्या एखाद्या कॅमेऱ्यावर दिला असणार. भाऊने तो इतकी वर्षं पाळला. दाण्यांच्या भीतीने त्याने शटर हळू केलं, आणि हळू शटरने फोटो हलवले. मग त्याच रात्री अंगणात दिवा लावून पोराला उड्या मारायला लावल्या आणि ३२०० वर फोटो काढले. संगणकाच्या पडद्यावर मोठे करून पाहिले तर दाणे होते, चांगले ज्वारीएवढे. भाऊने माझ्याकडे 'सांगतलं होतं ना' अशा नजरेने पाहिलं.

त्यातलाच एक फोटो मी यवतमाळला १२ बाय १८ इंचाच्या अल्बमच्या कागदावर छापून घेतला आणि पुढच्या रविवारी वहिनीच्या हातात दिला. तिने तो हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग खिडकीजवळ नेला.

"कुठी हायेत दाने?"

दाणे होते, पण छापताना बारीक होऊन कागदात मुरले होते. याच बैठकीत मेगापिक्सेलचाही हिशोब झाला. डी९० चा फोटो ४,२८८ बाय २,८४८ ठिपक्यांचा. १८ इंचांवर छापला तर इंचाला २३८ ठिपके पडतात, आणि हातभर अंतरावरून बघायच्या अल्बमला ते पुरतात. तोच फोटो दोन पानांवर पसरून ३६ इंच केला की इंचाला ११९ उरतात आणि पदराची जर पुसट होते. डी७२०० च्या ६,००० ठिपक्यांनी तिथे १६७ मिळाले असते. वहिनीने मागच्या सीझनचे अल्बम आठवून सांगितलं की असा दोन पानी फोटो अल्बममागे एक, फार तर दोन असतात, आणि ते बहुतेक दिवसाउजेडी नवरा-नवरीला मळ्यात नेऊन काढलेले. तिथे मेगापिक्सेल कमी पडले तरी उजेडाची काही कमी नसते.

उजेडाचा हिशोब

इथे माझ्यातला मास्तर जागा झाला, तो भाग वाचकांनी सहन करावा.

भाऊची १८-१०५ ची लेन्स झूम केली की एफ/५.६ वर येते. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं. एफ/१.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स लावली तर उजेड किती वाढतो? ५.६ ला १.८ ने भागा आणि वर्ग करा: जवळजवळ दहा पट. फोटोवाल्यांच्या भाषेत सव्वातीन स्टॉप; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. म्हणजे जिथे शटर एक विसांश होतं तिथे एक दोनशांश मिळतं, आयएसओला हातही न लावता.

आता बॉडी बदलून किती मिळालं असतं? डीएक्सओमार्क ही संस्था सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग, मोजते. कमी उजेडातल्या आयएसओचा त्यांचा आकडा डी९० ला ९७७ आणि डी७२०० ला १,३३३. म्हणजे अर्ध्या स्टॉपलाही थोडं कमीच. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या डी७५० चा आकडा २,९५६, म्हणजे दीड स्टॉपच्या थोडं वर. भाऊला हे स्टॉपमध्ये सांगून उपयोग नव्हता. मी म्हटलं, विहिरीला पाणी कमी पडतं म्हणून तू मोटर बदलायला निघालास, पण तुझा पाइपच बोटभर आहे. मोटर बदलली तर दीडपट पाणी येईल, पाइप बदलला तर दहापट. हे त्याला लगेच पटलं, कारण मागच्याच वर्षी शेतात नेमकं हेच करून बसला होता.

आणखी एक गोष्ट कागदावर आली. लेन्स आणि फ्लॅश पुढच्या कॅमेऱ्यालाही चालतात, बॉडी मात्र बॉडीच राहते. उद्या डी७२०० घेतला तर आज घेतलेली प्रत्येक लेन्स त्यावर तशीच बसेल. फुल फ्रेमवर गेला तर छोट्या सेन्सरची लेन्स फक्त मधला भाग वापरू देईल. मिररलेसवर गेला तर मध्ये अ‍ॅडॉप्टर लागेल आणि जुन्या 'डी' लेन्सचा ऑटोफोकस निकॉनच्या अ‍ॅडॉप्टरमधून चालणार नाही. याउलट सध्याच्या बॉडीचं वय झालं होतं. निकॉनच्या फोटोत शटर किती वेळा पडलं तेही लिहिलेलं असतं. भाऊचा आकडा १ लाख १८ हजार निघाला. कंपनीने या मॉडेलचं शटर १ लाखापर्यंत तपासलेलं आहे. मोटारसायकलच्या मीटरसारखंच ते, एक लाख किलोमीटर झाले म्हणून गाडी त्या दिवशी थांबत नाही, पण लांबच्या प्रवासाला निघताना मनात येतंच.

यावरून ठरलं ते असं: या सीझनला बॉडी बदलायची नाही, पैसा उजेडावर घालायचा. सीझन संपल्यावर परत बाद फोटो मोजायचे.

चूक पहिली, माझी

बर्डीवरच्या खरेदीचं फारसं सांगण्यासारखं नाही. जुनी लेन्स घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का ते बघा. फ्लॅश पूर्ण ताकदीवर दहा वेळा उडवून बघा. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू द्या.

लेन्स मी सुचवली ५० एमएम एफ/१.८ डी. डी९० च्या बॉडीत फोकसची मोटर असल्याने ही जुनी, स्वस्त लेन्स त्यावर ऑटोफोकस करते. डी३१०० सारख्या लहान बॉडीवर ती सोय नसते. ६,५०० ला चांगली मिळाली. मी खूश. स्वतःकडे ती आहे, पोर्ट्रेटला सोन्यासारखी चालते.

चौथ्या दिवशी रात्री नऊला फोन. मागे हळदीची गाणी. "माह्या पाठीशी भिंत हाय, समोर नवरीचं फक्त नाक दिसून रायलं. आता भिंतीत घुसू काय?"

डी९० चा सेन्सर २३.६ मिलिमीटर रुंद. त्यावर ५० ची लेन्स लावून दोन मीटर रुंदीची चौकट भरायची, म्हणजे पाटावर नवरी आणि दोन बाजूला दोन सवाष्णी, तर सव्वाचार मीटर मागे जावं लागतं, चौदा फूट. गावातली हळदीची खोली दहा बाय बारा. हे गणित मी वर्गात भिंगांच्या धड्यात पोरांना घालतो, आणि इथे मलाच सुचलं नाही. त्याहून लाजिरवाणं म्हणजे उत्तर माझ्या डोळ्यांपुढे होतं. बाद फोटोंच्या माहितीत शटर पाहिलं, आयएसओ पाहिलं, आणि त्याच ओळीत लिहिलेली फोकल लांबी पाहिलीच नाही. नंतर मोजली तर त्याचे बहुतेक घरातले फोटो १८ ते ३५ च्या दरम्यान काढलेले होते.

दुकानदाराने लेन्स परत घेतली, १,२०० रुपये कापून. त्याऐवजी जुनी ३५ एमएम एफ/१.८ जी आली, ८,००० ला. तीच चौकट आता तीन मीटरवरून भरते, दहा फुटांवरून, म्हणजे भिंतीला पाठ लावून का होईना पण खोलीतच. ते १,२०० रुपये मी देऊ केले, भाऊने घेतले नाहीत. वहिनीने मात्र वहीत 'भाऊजी' या नावाखाली लिहून ठेवले.

गुलाबी मांडव

फ्लॅश घेतला जुना एसबी-७००, ९,५०० ला. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या उघडणाऱ्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे उजेडाची पोच सांगणारा आकडा, १२ च्या आसपास, याचा २८. इथेही भागून वर्ग करायचा. म्हणजे पाचपटीहून जास्त ताकद. पण ताकद हा त्यातला कमी महत्त्वाचा भाग. फ्लॅश लेन्सच्या नाकावर बसून समोर मारला की चेहरा चपटा होणारच, पाचपट ताकदीने पाचपट चपटा. शहरातले फोटोग्राफर फ्लॅश वळवून छतावर मारतात आणि पांढऱ्या छतावरून मऊ उजेड खाली येतो. भाऊने पहिल्याच साक्षगंधात तसं केलं. वर होता गुलाबी कापडाचा मांडव. नवरी गुलाबी, नवरदेव गुलाबी, भटजी गुलाबी, पेढ्याचं ताट गुलाबी. उजेड ज्या कापडावर आपटतो त्याचा रंग घेऊन येतो. दुसऱ्या ठिकाणी पत्र्याचं शेड होतं, तिथे उजेड वर जाऊन हरवलाच.

यावरचा उपाय माझा नाही, भाऊच्या नववीतल्या पोराचा. डी९० मध्ये एक सोय दडलेली आहे: त्याचा डोक्यावरचा फ्लॅश 'कमांडर' करता येतो. मग तो बारीक लुकलुकून दूरच्या एसबी-७०० ला हुकूम देतो, वायर लागत नाही, वेगळा ट्रिगरही लागत नाही. इतकी वर्षं ही सोय मेन्यूत पडून होती. पोराने फ्लॅश बांबूच्या काठीला बांधला आणि तो उलटा फिरवून, शेजारी उभ्या असलेल्या आजोबांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर मारला. गंमत म्हणून. पण फोटो पाहिला तर नवरीच्या गालावर बाजूने खिडकीतून यावा तसा उजेड. त्या दिवसापासून बापलेकांच्या सामानात एक पांढरी चादर आणि दोन क्लिपा असतात. मांडवाच्या खांबाला चादर लावायची, फ्लॅश तिच्यावर मारायचा. चादरीची किंमत खर्चात धरलेली नाही, ती वहिनीच्या कपाटातली आहे आणि तिच्यावर आता हळदीचे डाग आहेत.

याला मर्यादा आहेत. हुकूम उजेडानेच जातो, त्यामुळे भर उन्हात आणि खांबाआड फ्लॅश ऐकत नाही. व्हिडिओवाल्याने पिवळा हॅलोजन लावला असेल तर एका बाजूला पिवळी आणि एका बाजूला निळसर अशी दोन तोंडांची नवरी तयार होते. तेव्हा फ्लॅशवर नारिंगी फिल्टर बसवून दोन्ही उजेड एका रंगाचे करायचे आणि कॅमेऱ्याला व्हाइट बॅलन्समध्ये बल्ब सांगायचा. हा फिल्टर एसबी-७०० च्या खोक्यातच येतो. जुना घेताना तो मागून घ्या, दुकानदार स्वतःहून देत नाही.

बाकी सामान: पेन्सिल सेलचे रिचार्जेबल संच आणि चार्जर २,६०० चे, हवेचा फुगा ३५०, सेन्सरची सफाई ८००. सफाईआधी पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ वर फोटो काढला होता, तो बघून भाऊ म्हणाला, "हे तं तीळसंक्रांत झाली." १६ जीबीची दोन कार्डं हजाराची. ६४ चं कार्ड त्याने आधी आणलं होतं, पण डी९० च्या पुस्तिकेप्रमाणे एसडीएचसीपर्यंतच, म्हणजे ३२ जीबीपर्यंतच कार्ड चालतं. सगळं मिळून, माझ्या चुकीचे १,२०० धरून, २३,४५०. तीस हजारांतून ६,५५० उरले.

व्हिडिओचं काय, असं भाऊने मध्येच विचारलं होतं. डी९० चा व्हिडिओ ७२० पी, एका वेळी पाच मिनिटं, आणि चालू असताना आपोआप फोकस होत नाही. तो धंद्याला चालणार नाही हे उघड होतं. पण वहीत पाहिलं तर व्हिडिओचं काम भाऊ दिग्रसच्या एका मुलाला देतो आणि त्यात स्वतःचा वाटा ठेवतो. वहिनी म्हणाली, "ते त्या पोराचं पोट हाय, राहू द्या." विषय संपला.

चूक दुसरी, तीही माझी

जानेवारीत भाऊने मला न विचारता बर्डीवरून एमबी-डी८० ही बॅटरी ग्रिप आणली. जुनी, २,२०० रुपये. कॅमेऱ्याखाली बसते, दोन बॅटऱ्या घेते. मी फोनवर बरंच ऐकवलं. डी९० ची एक बॅटरी त्याला निम्मं लग्न पुरते, खिशात दुसरी असतेच, मग हे ओझं कशाला? एकाही बाद फोटोचं कारण 'बॅटरी' नव्हतं. वहीत तशी रेघ नव्हती.

भाऊने ऐकून घेतलं. मग सांगितलं ते असं. डिसेंबरात एक लग्न त्याच्या हातून गेलं होतं. बयाणा द्यायला मुलीचे मामा आले होते. टेबलावरचा कॅमेरा त्यांनी उचलला, सुटलेलं रबर बोटाने वर केलं आणि म्हणाले, "ह्याचं तं कातडं निंगून रायलं." दोन दिवसांनी कळलं की त्यांनी पुसदचा फोटोवाला ठरवला. बाद फोटोंत हे लग्न नव्हतं, कारण ते काढलंच गेलं नव्हतं. माझ्या सगळ्या मोजणीत, न आलेल्या गिऱ्हाइकाला जागाच नव्हती.

भाऊने रबर दुहेरी टेपने नीट बसवून घेतलं आणि खाली ग्रिप लावली. कॅमेरा एकदम दीडपट झाला, त्या पुसदवाल्याच्या कॅमेऱ्याएवढा. फेब्रुवारीत आर्णीकडच्या एका लग्नात वरबापाने लांबूनच पाहून शेजाऱ्याला सांगितलं, "मोठा कॅमेरा हाय बाप्पा!" आणि तिथेच मांडवात त्या शेजाऱ्याने चैत्रातल्या दोन तारखा सांगितल्या. पोर्ट्रेटला कॅमेरा उभा धरताना ग्रिपचं खालचं बटन सोपं पडतं हेही खरं आहे, पण भाऊला ते कारण नंतर सुचलं.

मे अखेर

ठरल्याप्रमाणे सीझन संपल्यावर परत बसलो. तशाच एका संध्याकाळच्या लग्नाचे १,०४० फोटो, हललेले बासष्ट. एकशे नव्वदचे बासष्ट. फ्लॅशने मारलेले हाताच्या बोटांवर. फोकस चुकलेले मात्र वाढले: एफ/१.८ वर जवळून काढताना एक डोळा फोकसमध्ये आणि दुसरा धुक्यात, हे प्रकरण नवं आहे. भाऊ आता चार माणसं असली की एफ/२.८ वर जातो आणि मधलाच फोकस बिंदू वापरतो, कारण डी९० च्या ११ बिंदूंपैकी अंधारात भरवसा ठेवावा असा तेवढाच.

पण एक गोष्ट उजेडाने सुटली नाही. मे महिन्यातल्या एका लग्नात कार्ड वाचलंच गेलं नाही. कार्ड कुठल्या कंपनीचं ते सोडा, नवं होतं. नशीब असं की भाऊ प्रत्येक विधीनंतर कार्ड बदलायचा, ही सवय मी लावली होती आणि हा एक सल्ला तरी बरोबर निघाला. गेली ती फक्त वरात. सॉफ्टवेअरने त्यातलेही बरेच परत आले, पण नवरदेवाची आजी घोड्यापुढे नाचली होती तो फोटो नाही आला. भाऊ ते सांगायला त्यांच्या घरी स्वतः गेला. परत आल्यावर दोन दिवस स्टुडिओ बंद होता.

कार्डाला दोन खाचा असलेली बॉडी, म्हणजे एकाच वेळी दोन्हीकडे फोटो लिहिले जातात. डी७२०० मध्ये ती सोय आहे. शटरचा आकडा आता १ लाख ३४ हजारांवर आहे. त्यामुळे बॉडी घ्यायची हे ठरलं आहे, आणि या वेळी 'काऊन' विचारलं तर भाऊ मेगापिक्सेल म्हणत नाही, आजी म्हणतो. लेन्स, फ्लॅश, चादर सगळं तिकडे जसंच्या तसं जाईल. ग्रिप तेवढी जाणार नाही, तिचा साचा वेगळा.

वहिनीने वहीत नवं पान काढलंय, वर 'बॉडी' लिहून. प्रत्येक लग्नाचे हजार रुपये त्यात. बचत गटाचं कर्ज अर्ध्याहून जास्त फिटलं. जुनी पानं चाळताना मला ग्रिपची नोंद दिसली. २,२०० रुपये, खाली 'देखावा' असं लिहिलेलं, आणि मग ते खोडून वेगळ्या शाईने 'जाहिरात'.

त्याच्याच खालची ओळ कोणी खोडलेली नव्हती: 'भाऊजी, १,२००.'